तीस मिनिटांचा अधिकार
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या आपल्या माणसाचं नाव लांबलचक आहे: पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर, म्हणजे गणवेशात गस्त घालणारा पोलिसांचा पगारी मदतनीस, पूर्ण पोलीस नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये सगळे पीसीएसओ म्हणतात, आपणही तेच म्हणू. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुलं इंग्लंडात किंवा वेल्समध्ये आहेत, त्यांनी तिथे जाऊन आल्यावर हा माणूस बघितलेलाच असणार. फक्त पोलीस समजून पुढे गेला असाल. पुढच्या वेळी टोपीकडे नीट बघा. कॉन्स्टेबलच्या टोपीला काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी असते, याच्या टोपीला निळी. कमरेला लाठी नाही, बहुतेक ठिकाणी बेड्याही नाहीत.

हे पद आलं २००२ च्या पोलीस रिफॉर्म अ‍ॅक्टमधून. गृहमंत्री होते डेव्हिड ब्लंकेट. लोकांची तक्रार जुनीच होती, रस्त्यावर पोलीस दिसत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लंडनमध्ये पहिले पीसीएसओ गस्तीवर निघाले आणि पोलिसांतच कुरकुर सुरू झाली, की हे स्वस्तातलं काम आहे. ‘प्लॅस्टिक पोलीस’ हे टोपणनाव चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही.

आता अधिकार. मी यादी वाचत बसत नाही, एकच प्रसंग घेऊ. समजा, एक मुलगा फुटपाथवरून सायकल दामटतोय. पीसीएसओ त्याला थांबवू शकतो, ५० पौंडांच्या दंडाची नोटीस हातात ठेवू शकतो. त्यासाठी नाव-पत्ता लागतो. मुलगा म्हणाला, “नाही सांगत.” किंवा त्याने असा पत्ता सांगितला, की ऐकणाऱ्यालाच हसू यावं. मग? अटक करता येत नाही. पण ज्या पीसीएसओला वरिष्ठांनी तो अधिकार दिलेला असतो, तो म्हणू शकतो, “कॉन्स्टेबल येईपर्यंत इथेच थांब.” जास्तीत जास्त तीस मिनिटं. मुलाला थांबायचं नसेल तर पीसीएसओबरोबर पोलीस स्टेशनला चालत जाण्याचा पर्याय आहे. पळायला लागला तर वाजवी बळ वापरून अडवता येतं, आणि पळणं हा स्वतंत्र गुन्हा. तीस मिनिटांत कॉन्स्टेबल आला नाही तर? मुलगा घरी जातो.

तुम्ही हसताय, तिथेही लोक हसले. पण त्या कायद्याची खरी गंमत मला इथेच दिसते. कॉन्स्टेबलने एकाला अटक केली की तो गेला. कोठडी, नोंदी, जबाब, वकील, पुढे कोर्टाची तारीख. त्याची उरलेली पाळी त्या एका माणसामागे संपते आणि त्याची गल्ली रिकामी. पीसीएसओला अटकच करता येत नाही म्हणून तो गल्लीत उरतो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा असतो. कोणत्या म्हाताऱ्या बाईंच्या दारावर भामटे येऊन गेले, कोणती मुलं संध्याकाळी बागेत दारू घेऊन बसतात, हे त्याला माहीत असतं. ती दारू तो काढून घेऊ शकतो, वाहतूक वळवू शकतो, कोणाचा जीव धोक्यात असेल तर घरात शिरू शकतो. २०१७ च्या कायद्यानंतर प्रत्येक दलाच्या प्रमुखाला यात बरीच मोकळीक मिळाली. काही मोजके अधिकार फक्त कॉन्स्टेबलसाठी राखून ठेवले आणि बाकीचे वाटायचे तसे वाटा म्हणून सांगितलं. अटक त्या राखीव यादीत आहे, आणि मला विचाराल तर तिथेच राहावी.

या मर्यादेची दुसरी बाजू मात्र फार कडवट आहे. मे २००७, विगन गाव. बहिणीला वाचवायला तळ्यात उतरलेला दहा वर्षांचा मुलगा बुडाला. दोन पीसीएसओ पोहोचले, वायरलेसवर मदत मागितली, पाण्यात उतरले नाहीत. पाठोपाठ आलेला पोलीस अधिकारी उतरला. दलाने सांगितलं, ते पोहोचले तेव्हा मुलगा दिसतही नव्हता आणि त्यांना तसं प्रशिक्षण नव्हतं. हे खरंच असेल. पण गणवेश घातलेला माणूस काठावर उभा राहिला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. अधिकार अर्धे असतात हे कायदा सांगतो, गणवेश ते सांगत नाही.

आणि व्यवस्थेचा विनोद बघा. त्याच देशात स्पेशल कॉन्स्टेबल असतात, विनावेतन, हौसेने काम करणारे. त्यांना अटकेचा पूर्ण अधिकार. पगारी माणसाला नाही, फुकट राबणाऱ्याला आहे!

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावातलाच माणूस, पगार नाही, मानधन. गावात काय शिजतंय ते वर कळवायचं, पोलिसांना मदत करायची. फरक मोठा आहे. पोलीस पाटलाला गाव ओळखतं, कारण तो तिथेच राहतो, त्याची भाऊबंदकीही तिथेच. हा त्याचा फायदा आणि तीच त्याची अडचण. पीसीएसओ पाळी संपली की दुसऱ्या गावातल्या घरी जातो. त्याला ओळख कमवावी लागते, आणि त्यासाठी त्याच भागात काही वर्षं काढावी लागतात.

ती वर्षंच मिळेनाशी झाली. २०१० मध्ये पीसीएसओ सोळा हजारांहून अधिक होते, आज निम्म्याच्याही खाली आहेत. कारण साधं आहे. कॉन्स्टेबल शपथ घेऊन नेमलेला, त्याला कपातीत घरी बसवता येत नाही. पीसीएसओ नोकर, त्याला बसवता येतं. पैसे आटले की कात्री आधी त्याच्यावर. नॉरफोक दलाने तर २०१७ मध्ये पदच बंद करायचं जाहीर केलं. वेल्समध्ये तिथलं सरकार स्वतःच्या तिजोरीतून पैसे देतं, म्हणून तिथे ते टिकून राहिले.

एक चिठ्ठी आली आहे: “माझा मुलगा लेस्टरला आहे. असा माणूस नाव विचारू लागला तर सांगायचं का?” सांगायचं, खरं सांगायचं. काही चुकल्याच्या संशयावरून त्याने विचारलं आणि मुलाने नकार दिला, तर दंड हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पण मुलाला हेही सांगून ठेवा, की नेमणुकीचा पुरावा मागण्याचा त्याला हक्क आहे आणि मागितला तर पीसीएसओला तो दाखवावाच लागतो. नम्रपणे मागायचा, एवढंच.