पिशवी पायाला, माणूस पाण्यात

[तरणतलाव, सकाळ. काका काठावर बसलेत.]

काका आता पाण्यात उतरणार आहेत, पण त्याआधी कॅमेरा जरा त्यांच्या ओटीपोटावर नेलाय. बेंबीच्या खाली एक नळी बाहेर आलेली दिसतेय आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा व्हॉल्व्ह. ही लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, थेट मूत्राशयात गेलेली. लघवी बाहेर ढकलायची ताकदच काकांच्या मूत्राशयात राहिलेली नाही त्यामुळे नळी आता कायमची. ठरलेल्या मुदतीला जुनी काढून नवी टाकतात, पण बिननळीचा दिवस नसतो.

आत्ता कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी व्हॉल्व्ह उघडून मूत्राशय रिकामं केलं, व्हॉल्व्ह बंद केला, नळी पोटाला पट्टीने चिकटवली आणि वरून उंच कमरेची पोहायची चड्डी घातली. तयारी एवढीच.

[पाण्याखालचं दृश्य. इथे निवेदन थांबू द्या.]

पोटातून नळी टाकल्यावर लगेच पोहता येत नाही हे मात्र नीट ऐका. नळीभोवतीचं भोक आधी पूर्ण भरून यावं लागतं, लाली नको, पू नको, ओल नको, आणि डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी ते बघून हो म्हणायला हवं. मग चालतं. बाहेर आलं की साबणाने धुवायचं, कोरडं करायचं, भिजलेली पट्टी काढून टाकायची.

[हॉस्पिटलची खाट. कडेला लटकलेली मोठी पिशवी.]

आता हे चित्र बघा. आपल्यापैकी बहुतेकांनी कॅथेटर पाहिलाय तो असा. खाट, खाटेच्या कडेला टांगलेली दोन लिटरची पिशवी आणि हलू नको म्हणून सांगणारे चार नातेवाईक. त्यामुळे नळी म्हणजे आजारपण आणि पिशवी म्हणजे खाट असं डोक्यात पक्कं बसतं, आणि माणूस घरी आला तरी तीच खाटेची पिशवी हातात धरून खोलीतल्या खोलीत फिरतो, पाहुणे आले की आत जाऊन बसतो. का? तर पायाला बांधायची छोटी पिशवी मिळते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. हा लघुपट आम्ही एवढ्यासाठीच केलाय.

[टेबल. पांढऱ्या कापडावर नळी, सिरिंज, पाण्याचा पेला.]

ही नळी जवळून बघू. सिलिकॉनची आहे. टोकाजवळ दोन छोटी भोकं, त्यातून लघवी आत येते. त्याच्या जरा खाली नळीला चिकटून एक पातळ पडदा दिसतो, आत्ता तो सपाट आहे. आता सिस्टर सिरिंजने दुसऱ्या वाटेतून पाणी सोडतायत. बघा, फुगा. एकीकडून फुगायला लागला आणि हळूहळू सगळीकडून गोल झाला. साधारण 10 मिली निर्जंतुक पाणी. मूत्राशयात हाच फुगा नळीला आतून अडकवून ठेवतो, बाहेर टाका नाही की चिकटपट्टी नाही. मिठाचं पाणी घालायचं टाळतात कारण त्यातल्या क्षारांचे कण त्या बारीक वाटेत बसले तर काढायच्या वेळी फुगा रिकामाच होत नाही.

फुग्याच्या या नळीला फोली म्हणतात, ते फ्रेडरिक फोली या अमेरिकन युरोलॉजिस्टच्या नावावरून. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव होतो, तो आतून फुग्याने दाबून धरता येईल असा त्यांचा विचार होता, आणि 1930च्या दशकात ही नळी वापरात यायला लागली. म्हणजे मुळात ती रक्त थांबवायला, आणि आज जगभर वापरतात ती लघवी काढायला.

आणि हे नारिंगी कडं दिसतंय ना, ते शोभेचं नाही, रंगावरून नंबर कळतो. नारिंगी म्हणजे 16, हिरवं 14, पांढरं 12. नंबरला तीनने भागलं की नळीची जाडी मिलिमीटरमधे निघते, म्हणजे 12 नंबरची नळी बरोबर 4 मिलिमीटर. हे माप शारिएर नावाच्या पॅरिसच्या एका अवजारं बनवणाऱ्याचं, एकोणिसाव्या शतकातलं. आपला नंबर पाठ असू द्या. परगावी नळी बदलायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि बाजूने लघवी गळते म्हणून जाड नळी घाला असं कोणी सुचवलं तर आधी गळण्याचं कारण शोधा म्हणावं, बऱ्याचदा ते नळी चोक होणं, मूत्राशयाला कळ येणं किंवा पोट साफ नसणं असतं.

[ताईंचं घर, सकाळ.]

या ताई कॉलेजात शिकवतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार आहे, थोडं चालतात, लांब जायचं तर व्हीलचेअर. त्यांची नळी खालून, मूत्रमार्गातून आहे. त्यांनी आम्हाला त्यांची अख्खी सकाळ शूट करू दिली त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार, कारण असं कोणी दाखवत नाही.

आधी हात. साबण, बोटांच्या मधे, मनगटापर्यंत. मग रात्रीची पिशवी सोडवायची. इथे जरा थांबून बघा कारण इथेच खूप लोकांचा घोटाळा होतो. रात्रीची मोठी पिशवी ताई नळीला थेट जोडत नाहीत, पायाच्या पिशवीला खाली जी तोटी आहे तिला जोडतात. तोटी उघडी ठेवली की रात्रभर सगळं पायाच्या पिशवीतून पुढे मोठ्या पिशवीत उतरत राहतं, आणि नळी आणि पायाची पिशवी यांच्यातला जोड उघडावाच लागत नाही. तो जोड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार. आता सकाळी त्यांनी तोटी बंद केली, मोठी पिशवी काढली, संडासात रिकामी केली. झालं, खालच्या बाजूनेच सगळा कारभार.

आज पायाची पिशवीही बदलायची आहे, ती साधारण आठवड्याने बदलतात, म्हणून आज एवढ्यापुरता तो वरचा जोड उघडणार. जुनी काढली, नव्या पिशवीचं टोपण काढलं, आणि तिचं टोक कुठेही न टेकवता सरळ नळीत बसवलं. बोट लागलं नाही, कपड्याला लागलं नाही. मग पोटरीला दोन पट्टे. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं नाहीतर रक्त अडतं. ताई कधी डावा पाय कधी उजवा असं करतात, कातडीला वळ पडू नयेत म्हणून. आणि हा तिसरा पट्टा मांडीला, तो नळीसाठी आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आणि सगळ्यात जास्त विसरला जातो तोही हाच! पिशवी भरली की जड होते, चालताना नळीला ओढते, आत फुगा मूत्राशयाच्या तोंडावर घासतो आणि मग कळ येते, रक्त येतं. मांडीला नळी बांधलेली असली, मधे थोडी ढिलाई ठेवली, की ओढ मांडीवर येते, आत जात नाही.

वरून ढगळ सलवार. ताई उठून दोन पावलं चालल्या, वळल्या. कुठे दिसतेय पिशवी?

[वर्ग. ताई फळ्यासमोर.]

दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत त्या टॉयलेटला जातात, तोटी उघडतात, रिकामी करतात, तोटीचं तोंड पुसतात, हात धुतात. पिशवी अर्धी किंवा पाऊण भरली की रिकामी करायची, काठोकाठ भरू द्यायची नाही. अर्धा लिटरची पिशवी आहे त्यामुळे वेळ पुरतो. पाणी कमी पिऊन पिशवी रिकामी ठेवायची असं काही जण करतात, ते करू नका, लघवी फिकट राहील इतकं पाणी पोटात जायलाच हवं.

काकांसारखा व्हॉल्व्ह ताईंना का नाही? कारण त्यांचं मूत्राशय स्वतःहूनच आवळतं. व्हॉल्व्ह बंद असताना ते आवळलं तर आत दाब वाढतो, लघवी बाजूने गळते, आणि तो दाब मूत्रपिंडापर्यंत मागे जाऊ शकतो. व्हॉल्व्ह त्यांच्यासाठी ज्यांचं मूत्राशय शांतपणे साठवू शकतं, हात चालतो, आणि दर तीन चार तासांनी उघडायची आठवण राहते. ज्यांना चालतो त्यांना मात्र पिशवीच लागत नाही दिवसा, काका तर म्हणतात की उभं राहून लघवी करतोय असं वाटतं. रात्री व्हॉल्व्हला मोठी पिशवी जोडायची आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा.

[रस्ता. हाताने चालवायची सायकल, ड्रोनमधून.]

या मुलाला मणक्याला छातीच्या वरच्या भागात मार लागलेला आहे. ही सायकल हाताने चालते, तो अर्धवट आडवा असतो, पाय पुढे. आता आडवं झाल्यावर पिशवी मूत्राशयापेक्षा खाली कशी राहणार? हे त्याने स्वतःच शोधून काढलंय, सीटच्या खाली फ्रेमला एक कापडी झोळी शिवून घेतली आहे, त्यात पिशवी. लघवी उताराने वाहते, तिला वर चढता येत नाही, त्यामुळे जे काही कराल त्यात पिशवी मूत्राशयाच्या खाली हा एकच हिशोब बघायचा. निघण्याआधी तो बोटांनी नळी पिशवीपर्यंत चाचपत जातो. कुठे मुरड नाही, कुठे चाकाजवळ लोंबत नाही. मग निघतो.

[वेगाचं दृश्य, संगीत.]

त्याच्या पाठीच्या पिशवीत एक सीलबंद नळी, एक जादा पायाची पिशवी, आणि एक कार्ड असतं. कार्डावर लिहिलंय की छातीच्या वरच्या मणक्याला मार असलेल्या माणसाची नळी चोक झाली तर रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, ही जीवावरची इमर्जन्सी आहे, त्याला बसतं करा, नळी लगेच मोकळी करा किंवा बदला आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

[चिरलेली जुनी नळी, क्लोजअप.]

चोक होते म्हणजे काय होतं ते इथे दिसतंय. वापरलेली नळी उभी चिरलीय आणि आतून खडबडीत पांढरा थर. प्रोटियस नावाचे जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, लघवी आम्लाची अल्कधर्मी होते आणि मग मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट क्षार नळीच्या आत बसायला लागतात, आधी त्या टोकाच्या भोकांपाशी आणि फुग्यावर. सिलिकॉनची नळी 12 आठवड्यांपर्यंत ठेवता येते हे खरं, पण ज्याची नळी पाच आठवड्यांत चोक होते त्याने चौथ्या आठवड्यात बदलावी, दर वेळी चोक होईपर्यंत वाट बघण्यात काय अर्थ आहे? किती दिवसांनी चोक झाली ते वहीत लिहून ठेवलं की आपली मुदत आपल्यालाच कळते.

[जांभळी पिशवी.]

हा रंग कॅमेऱ्याचा नाही, पिशवी खरंच जांभळी झालीय. घरचे घाबरतात, साहजिक आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनांच्या घटकापासून आतड्यात आणि यकृतात जो पदार्थ तयार होतो तो लघवीत उतरतो, तिथले काही जंतू त्याचं निळं आणि लाल रंगद्रव्य करतात, दोन्ही मिळून जांभळं. बहुतेकदा बद्धकोष्ठता असलेल्यांमधे होतं. माणूस बरा असेल तर रंग स्वतः धोकादायक नाही, डॉक्टरांना दाखवा, पोट साफ ठेवा, नळी पिशवी बदला. तसंच, महिनाभर नळी असली की लघवीत जंतू जवळजवळ सगळ्यांनाच सापडतात, त्रास काही नसताना नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेत बसू नका.

थंडी वाजून ताप, कमरेत दुखणं, गुठळ्यांसकट रक्त, पिशवीत काही तास थेंबही न येणं, पोटातली नळी निसटणं, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, निसटलेल्या नळीचं भोक फार पटकन मिटतं.

[काका आणि काकू, बाकावर.]

हेही काका-काकूंनीच आम्हाला विचारा म्हणून सांगितलं. शरीरसंबंध नळीसकट शक्य आहेत. पोटातल्या नळीला फक्त बाजूला चिकटवायचं. खालून नळी असेल तर पुरुषांना ती मागे वळवून लिंगाच्या बाजूने ठेवून वरून कंडोम घालता येतो, बायकांना ती वर पोटाकडे चिकटवता येते. डॉक्टरांसमोर हा प्रश्न विचारायला लाज वाटते आणि डॉक्टरही स्वतःहून विषय काढत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट बोललो.

[हॉस्पिटल, डिस्चार्जचं टेबल.]

आता ही शेवटची जागा. कागदावर सही होतेय, गोळ्या समजावल्या जातायत, आणि नळीबद्दल सांगायला मिनिटसुद्धा नाही. आमचं मागणं या टेबलावरच्या लोकांकडे आहे आणि तुमच्याकडेही, कारण विचारल्याशिवाय मिळत नाही. नळी खरंच अजून लागणार आहे का, हे आधी विचारा. दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून लघवी काढून पुन्हा नळी काढून टाकायची पद्धत आहे, जॅक लॅपिडीस या अमेरिकन युरोलॉजिस्टनी 1972 मधे ती साध्या स्वच्छ हातांनी करता येते हे मांडलं, ती आपल्याला जमेल का विचारा. नाही जमणार म्हणाले तर व्हॉल्व्ह चालेल का, पोटातून टाकलेली नळी सोयीची पडेल का. पिशवी बदलणं सिस्टरसमोर आपल्या हाताने एकदा करून बघा, नुसतं बघू नका. आणि उठण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या, नळीचा नंबर, पुढची बदलायची तारीख, आणि रात्री नळी चोक झाली तर कोणत्या फोनवर माणूस उचलेल.