अंडे मासोळीचे, बरण्या आपल्या

शारदोत्सवात कीर्तन झाल्यावर मासोळीवर बोलायला मला उभं केलं, त्याबद्दल मंडळाचे आभार. मागं काही काका हसून राह्यले, दिसते मला जी. समोर ढिवर मंडळी पण बसली आहे, पिढ्यान्‌पिढ्या बोडीत जाळं टाकणारी माणसं, त्यांच्यापुढं मी काय सांगू? माझी मासोळी तं खायच्याही कामाची नाही, बोटाएवढी असते.

बेट्टा म्हणजे दुकानात ज्याला फायटर म्हणतात ती. मूळची थायलंडची, धानाच्या बांध्यांत आणि उथळ डबक्यात राहणारी. तिकडं तिला प्लाकट म्हणतात, म्हणजे चावरा मासा, आणि २०१९ मध्ये त्यांच्या सरकारनं तिला राष्ट्रीय जलचर करून टाकलं. आपली मरळ कशी वर येऊन हवा घेते, तशीच ही पण घेते. म्हणून एअर पंप लागत नाही. आमच्या फीडरवर लाइट किती वेळ राहते हे तुम्हाला सांगायची गरज नाही, मी मोटर वाइंडिंगवाला माणूस, मला तं पाठच आहे, त्यामुळे शौक निवडताना मी पहिले हेच पाह्यलं.

आता अंडे घालणं. पोट्ट्यांना वाटते हेच मोठं काम आहे, यूट्यूबवर सगळे तेच दाखवतात. पण ते मासोळी स्वतः करते बाप्पा! नर-मादीला आठ-दहा दिवस जिवंत खाद्य खाऊ घाला, टबात पाच-सहा इंच पाणी घ्या, २७-२८ डिग्री ठेवा, वर बदामाचं वाळलं पान तरंगत सोडा. मादीला लगेच मोकळी सोडायची नाही, नर फाडून टाकते. मी तिला कंदिलाच्या काचेत उभी ठेवतो, घरात दोन जुने कंदील होते, त्याचा असा उपयोग झाला. नर तोंडानं बुडबुडे करून पानाखाली फेसाचं घर बांधते, मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले की काच उचलायची. अंडे खाली पडतात तसे नर तोंडात धरून फेसात चिकटवते. मादी लगेच बाहेर काढा, आता तिचं काम संपलं. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात, फेसाला लोंबकळतात, खाली पडलं की बाप उचलून परत लावते. झोप नाही, खाणं नाही. पिल्लं आडवी पोहायला लागली की मग बापालाही काढायचं, नाहीतर तोच खाऊन टाकते.

पहिले काही दिवस पिल्लाचं तोंड इतकं बारीक की पावडर वगैरे काही चालत नाही. मी तणीस पाण्यात कुजवतो, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव तयार होतात. मग मायक्रोवर्म, म्हणजे बारीक किडे, मग आर्टेमिया, म्हणजे डब्यातल्या अंड्यांतून काढलेले बारीक झिंगे. आर्टेमियाचा डबा महाग आहे पण तिथं कंजूषी करू नका, वाढ तिथंच होते.

खरं काम दीड-दोन महिन्यांनी सुरू होते. नर एकमेकांवर गाल फुगवायला लागतात, आणि एकानं एकाचं शेपूट कुरतडलं की तो शोमधून, म्हणजे मासोळ्यांच्या स्पर्धेतून, बाद. म्हणजे प्रत्येक नराला वेगळी बरणी. साठ नर तं साठ बरण्या, दर दोन दिवसांनी साठही बरण्यांचं पाणी बदलायचं, खाली पडलेलं खाद्य काढायचं, आणि मधात पुठ्ठे लावायचे, नाहीतर दिवसभर एकमेकांना पाहून फुगून फुगून थकून जातात. सुरुवातीला बरण्यांना पैसे नव्हते, भंगारवाल्याकडून खंबे न अद्धे आणले, थायलंडवालेही चपट्या बाटल्यांत ठेवतात असं वाचलं होतं. पंधरा दिवसांत गावात झालं, हा पोट्टा दुकान बंद करून पिऊन राह्यला. आमच्या मायनं त्या बाटल्या अंगणात धुवायची बंदी केली. आता लोणच्याच्या बरण्या आहेत, पण बदनामी अजून पुरी गेली नाही.

तर शो-क्वालिटी म्हणजे काय? हाफमून घ्या. शेपूट पूर्ण उघडलं की १८० डिग्री, इंग्रजी डी अक्षरासारखं, कडा सरळ, कोपरे टोकदार. फाटलेलं नको, पाठ वाकलेली नको, आणि समोर दुसरा नर दिसला की ताबडतोब फुलला पाहिजे. रंग नंतर. शंकरपटाची जोडी निवडणारा माणूस बैलाचा रंग पाहतो का? पाय पाहतो, खांदा पाहतो. इथंही तसंच. दोन मस्त हाफमून लावले तरी सगळी पिल्लं हाफमून निघत नाहीत, आणि जास्त फुलारलेल्यावर जास्त फुलारलेला लावत गेलं की शेपूट इतकं जड होते की मासोळीला ओढवत नाही. तेव्हा मधात आखूड शेपटाचा नर लावावा लागतो, शौकवाले त्यालाच प्लाकट म्हणतात, अंग भरते. म्हणून वही पाहिजे, कोण कोणाचा, कोणती पोरं वाकडी निघाली. मी पहिली दोन वर्षं वही ठेवली नाही, आणि ते दोन वर्षं वाया गेले म्हणा.

मार्बल, म्हणजे डागाडागाच्या रंगाची बेट्टा, तिच्याबद्दल एक सांगून ठेवतो. तिचा रंग आयुष्यभर बदलू शकते. एकाला निळा-पांढरा विकला, दोन महिन्यांनी त्याचा फोन, मासोळी बदलून दिली का म्हणे! आता विकतानाच सांगतो.

पाणी. आमच्या बोअरचं जड, त्यात पावसाचं साठवलेलं मिसळतो. नळाचं थेट टाकू नका. मी एकदा घाईत टाकलं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर त्याच दिवशी पडली होती, सकाळी अख्खा टब मेलेला. चूक माझीच, एक दिवस भरून ठेवलं असतं तं भागलं असतं. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत मी जोडी लावतच नाही, फक्त आहे ते जगवतो, ओले बारदाने न कूलर. श्रावण-भाद्रपद सगळ्यात चांगला, हवा दमट राहते, फेस टिकते.

पैशाचं विचारालच. शंभरातून शोच्या लायकीचे दोन-चार निघाले तरी मी खुश. बाकीचे नागपूरच्या दुकानात जातात, एक दिवस उपाशी ठेवून, पिशवीत एक भाग पाणी दोन भाग हवा, मांडीवर घेऊन एसटीनं. त्यातून खाद्याचा खर्च निघते, घर नाही चालत, घर वाइंडिंगवर चालते. उरलेल्या माद्या जनावरांच्या टाक्यात सोडतो, डासाच्या अळ्या खातात. बोडीत मात्र एकही सोडू नका, परकी मासोळी आहे ती.

तिकडून ताई विचारून राह्यल्या, बचत गटाला जमेल का? जमेल ना, पण दहा जणींनी दहा घरी जोड्या लावू नका. एकीनं लावा, बाकीच्या नऊ जणींनी बरण्या वाटून घ्या. जोडी मी देतो, फुकट. बरण्या तुमच्या, आणि कंदिलाची काच असली तं बरं, माझ्या दोनातली एक परवाच फुटली.