उत्तरेकडचा ड्यूक आणि दुसरी संधी

माझ्या वयाच्या कोरियन मुलींना उत्तरेकडच्या ड्यूकची ओळख करून द्यावी लागत नाही. काळे केस, करडी नजर, बर्फाने वेढलेला किल्ला, राक्षसांशी लढण्यात हयात गेलेली आणि चार शब्द धड बोलता येत नाहीत, असा हा सरदार आमच्या फोनवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या चित्रमालिकेत हजर असतो. उत्तरेची हवा थंड, म्हणून तिथल्या माणसाचा स्वभावही थंड, आणि नायिका आली की दोन्ही निवळणार, हे पहिल्याच भागात कळून चुकते. शेवट ठाऊक असताना वाचायचे तरी काय, असे मला अनेकदा विचारले जाते. माझ्या मते ड्यूक हा या कथांमधला सर्वांत बिनमहत्त्वाचा माणूस आहे.

रोमान्स आणि फँटसी यांची सांगड घालणाऱ्या या प्रकाराला आम्ही ‘रोपान’ म्हणतो. अन्यायाने वधस्तंभावर गेलेली किंवा विषप्रयोगाने मेलेली नायिका डोळे उघडते, तेव्हा ती काही वर्षे मागे येऊन पोहोचलेली असते. नाही तर कामाने पिचलेली एखादी नोकरदार मुलगी, आपणच वाचलेल्या कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जागी होते. पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिला माहीत असते, त्यामुळे या खेपेला ती जुन्या वाग्दत्त वराला नकार देते, इस्टेटीचे कागद स्वतः वाचते आणि सावत्र बहिणीने ओतलेल्या चहाला हात लावत नाही. प्रेमाची पाळी येते ती या सगळ्यानंतर.

अशी दुसरी संधी आम्हाला इतकी हवीशी का वाटते, हे कोरियात शाळा शिकलेल्या कोणालाही चटकन उमगेल. दरवर्षी नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी ‘सुनुंग’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. त्या दिवशी अनेक कार्यालये उशिरा उघडतात, वाटेत अडकलेल्या विद्यार्थ्यांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर पोहोचवतात आणि इंग्रजीची श्रवणचाचणी चालू असेपर्यंत देशभरात विमानांची ये-जा थांबवली जाते. ज्या मुलीचे इतके काही एका दिवसावर टांगलेले आहे, तिला रात्री अभ्यासिकेतून परतताना मागे जाऊन पुन्हा सुरुवात करणाऱ्या बाईची गोष्ट वाचावीशी वाटली, तर त्यात भाबडेपणा कसला? परीक्षा पुन्हा देता येते, त्यासाठी खास क्लासही आहेत. पण तिथे वय मात्र पुढेच सरकते.

आमच्या आयांच्या पिढीतल्या नायिकांना ही सवलत नव्हती. त्या काळी प्रेमकथांची चित्रपुस्तके, म्हणजे सुनजंग मानह्वा, ‘मानह्वाबांग’ नावाच्या दुकानांत भाडे देऊन वाचली जात. पुढे 1988 मध्ये ‘रनेसाँस’ आणि 1993 मध्ये ‘विंक’ अशी खास मुलींसाठीची नियतकालिके निघाली. किम हे-रिन आणि शिन इल-सुक यांच्यासारख्या स्त्री चित्रकारांनी 1980 च्या दशकातच प्रेमकथेच्या चौकटीत उठाव, वारसायुद्धे आणि हद्दपारी आणून बसवली होती. बुचॉन शहरातल्या मानह्वा संग्रहालयाच्या वाचनालयात असले जुने खंड हाताळता येतात. पानभर पसरलेले केस, डोळ्यांत दाटलेल्या चांदण्या आणि मागे उगाचच उमललेली फुले पाहून आधी हसू येते. मग एखादे आवडते पात्र मरते आणि मेलेलेच राहते, तेव्हा रोपानवर वाढलेल्या वाचकाला अक्षरशः फसवल्यासारखे वाटते.

फोनवर काळ आणखी एका तऱ्हेने हाताशी येतो. तिथे पान उलटायचे नसते, कथा खाली सरकवायची असते. एका मालिकेत बसच्या दांड्यावर शेजारी शेजारी टेकलेल्या दोन हातांची चौकट होती, तिच्याखाली अंगठ्याने सरकवून संपेना इतकी कोरी जागा, आणि तळाशी लहानशा फुग्यात एकच शब्द, “उतरायचंय.” त्या दोघांमधला अवघडलेपणा किती वेळ टिकवायचा, हे माझा अंगठा ठरवत होता. छापील पानाला हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे. अर्थात काळ विकण्याचेही मार्ग निघाले आहेत: काही ॲपवर थांबलात तर पुढचा भाग फुकट मिळतो, दम निघत नसेल तर पैसे मोजा.

या मालिकांबद्दल माझी तक्रारही आहे. एवढे दुर्मीळ दुसरे आयुष्य हाती लागूनही बहुतेक नायिका ते अधिक चांगला नवरा निवडण्यात खर्च करतात. घटस्फोटापासून सुरू होणाऱ्या कथाही आता पुष्कळ निघतात, पण त्यांच्याही वाटेत तो ड्यूक उभा असतोच.

मला सर्वांत आवडतो तो टप्पा बराच उशिरा येतो, आणि तो चितारण्याची तसदी फार थोडे चित्रकार घेतात. पहिल्या जन्मात नायिका ज्या वयात मेली, ते वय ती ओलांडते. तिथून पुढचे तिला काहीच ठाऊक नसते. कोण दगा देईल, चहात काय असेल, हे आता तिलाही इतरांसारखेच अंदाजाने ओळखावे लागते. असे भाग मी फुकट मिळण्याची वाट पाहत नाही, पैसे भरून लगेच वाचते.