शेत कोणाचं, कागद कोणाचा

आता जे चित्र बघताय ते सतराव्या शतकातलं हॉलंड, नदी गोठलीय आणि अख्खं गाव बर्फावर उतरलंय. चित्रकार हेन्ड्रिक आवरकाम्प, कांपन शहरातला. त्याला बोलता यायचं नाही म्हणून लोक त्याला कांपनचा मुका म्हणायचे, पण नजर अशी की कोणाच्या अंगावर काय आहे ते त्याच्या हातून सुटत नाही. लेसची कॉलर, टोपीत पिसं, घोडा जोडलेली घसरगाडी, हे झाले पैसेवाले. आणि तिथेच बाजूला जाड्याभरड्या कपड्यातला एक माणूस बर्फाला भोक पाडून मासे धरतोय, बाकीचे मजा करायला आलेत, हा पोटासाठी. मला याच्यापाशीच थांबावंसं वाटतं, कारण आवरकाम्पनी त्यालाही तितक्याच मायेनं काढलंय.

शाई आणि वॉटरकलरची ही ड्रॉइंग्ज म्हणजे कच्ची स्केचेस नव्हेत बरं का, पूर्ण चित्रं म्हणूनच विकली जायची, हौशी श्रीमंत लोक ती अल्बममध्ये चिकटवून ठेवायचे. मासे धरणाऱ्याच्या घरात असलं चित्र कुठून येणार?

खेड्यात शहरी पैसा तर आधीच शिरला होता. १६१२ मध्ये बीमस्टर नावाचं अख्खं सरोवर पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं, पैसा घातला ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनही त्यांनाच मिळाली.

आणि आता दुसरा डच चित्रकार, रेम्ब्रांट, साल १६५१. हार्लेमबाहेरची साक्सनबर्ग इस्टेट, ड्रॉइंगही आहे आणि एचिंगही, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. सपाट रान, लांब क्षितिजावर हार्लेमचं मोठं चर्च, मैदानात उन्हाला घातलेलं लिननचं कापड. हे कापड राखेच्या पाण्यात, मग ताकात भिजवून पांढरं करायचे, अंग मोडून टाकणारं काम, पण चित्रात ती माणसं शोधावी लागतात. झाडीतलं मोठं घर मात्र लगेच दिसतं. ते क्रिस्तोफेल टेइसचं. आणि याच टेइसला रेम्ब्रांट पैसे देणं लागत होता, १६३९ मध्ये त्याच्याकडून १३,००० गिल्डरला (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) घेतलेल्या ॲमस्टरडॅमच्या घराचे पैसे अजून फिटले नव्हते! हे कळल्यावर मला तरी ते रान पहिल्यासारखं मोकळं वाटत नाही.

पुढे टेइसनी तगादा लावला, १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, घरातल्या एकेक वस्तूची यादी झाली, आणि त्या यादीत प्रत्यक्ष बघून काढलेल्या निसर्गचित्रांचे अल्बमसुद्धा होते.