पुलाच्या अलीकडचं धान्य
(निपाणी भागातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मोठा आकडा आधी सांगून मोकळा होतो. दरवर्षी १ जुलैला केंद्राच्या कोठारांत किमान ४११ लाख टन गहू-तांदूळ असावा, असा दंडक आहे. देशात धान्यच नाही म्हणून आपल्याकडे चूल थंड राहावी, अशी सध्या तरी वेळ नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि आठवडाभर ट्रकांच्या रांगा जागच्या हलल्या नाहीत. २०२१ च्या जुलैत वेदगंगा नदी इथं यमगर्णीला त्याच रस्त्यावर चढली. भोज-कारदगा पूल तर मोठ्या पावसात बुडतोच. त्या दिवसांत ४११ लाख टनांचा कारदग्याच्या म्हातारीला काय उपयोग? धान्य पूल बुडायच्या आधी अलीकडं पोचलंय का, एवढाच आपला प्रश्न आहे.

पूर्वी हा प्रश्न घरातच सुटायचा. सुगीला जोंधळा कणगीत पडला की वर्षाची बेगमी झाली. अथणी-विजापूरकडं तर पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे होते. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते. म्हणून तोंड उघडं टाकून थांबायचं, दिवा खाली सोडून बघायचा, तो विझला नाही तरच उतरायचं. आता आपल्या शिवारात काय आहे? ऊस आणि तंबाखू. दोन्हींनी पैसा दिला, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण उसाच्या पट्ट्यातला बागायतदारसुद्धा आज दर आठवड्याला किराणा दुकानातून पीठ आणतो. ज्याच्याकडं दहा एकर आहे, त्याच्या घरी दहा दिवसांचा जोंधळा नसतो. संकटात हा माणूस मजुराइतकाच उघडा पडतो, फक्त ते त्याच्या लक्षात आलेलं नसतं.

मग रेशन. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांना खुल्या विक्रीतला तांदूळ देणं बंद केलं. तेव्हा आपल्या कर्नाटक सरकारनं अन्नभाग्य या आपल्या रेशन योजनेतल्या वाढीव पाच किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये, म्हणजे माणशी १७० रुपये खात्यावर जमा केले. उघडिपीत ते ठीकच होतं. पण चहूबाजूंनी पाणी असताना बँकेतले १७० रुपये शिजत नाहीत. म्हणून पूरपट्ट्यात वस्तूच हवी, आणि ती आधी हवी. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २०२५ मध्ये केंद्रानंच राज्यांना जून ते ऑगस्टचं धान्य पावसाळ्याआधी उचलून वाटायला सांगितलं होतं. नदीकाठच्या गावांसाठी ही दरसालची रीत व्हायला हवी.

पण तीन महिन्यांचे तांदूळ नदीकाठच्या घरात ठेवायचे कुठं? घरात पाणी शिरलं की पहिली पोती भिजतात. म्हणून निम्मं धान्य घरात आणि निम्मं गावातल्या उंचावरच्या जागेत. ती पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती पतपुरवठा सोसायटीचं गोदाम असेल, नाहीतर शाळेची माडी. कुणाचं किती हे वहीत लिहा. वीज आणि नेट गेलं की रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन मुकं होतं. तेव्हा सही घेऊन धान्य द्यायला लेखी परवानगी लागणार असेल तर ती जूनमध्येच घ्या. पाणी आल्यावर साहेबांचा फोन लागत नाही.

आता समोरच्या आयाबहिणींना विचारतो. वीज गेल्यावर गिरण चालते का? नाही ना! आपल्या योजनांत ‘धान्य उपलब्ध’ असं लिहितात आणि कागद बंद करतात. जोंधळा कोणी चावून खात नाही. पीठ फार आधी करून ठेवलं तर कडवट होतं. म्हणून धरणाचा इशारा आला की पहिलं काम दळण. गावात एक तरी गिरण डिझेल इंजिनावर किंवा जनरेटरवर हवी. गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, पहिले दोन दिवस चूल पेटेलच असं नाही, तेव्हा चिरमुरे, पोहे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे यांचे डबे भरून ठेवा. लहान पोरांना आणि शुगर असलेल्यांना निव्वळ भात-आमटीवर आठवडा काढायला लावू नका. आणि जनावरांची वैरण! गोठ्यातली म्हैस सोडून शेतकरी होडीत बसत नाही, हे प्रत्येक पुरात दिसतं. तिच्या कडब्याची सोय उंचावर असेल तरच तो वेळेत बाहेर पडेल.

इशाऱ्याचं काय? दूधगंगेचं पाणी काळम्मावाडीहून येतं, वेदगंगेचं पाटगावहून. दोन्ही धरणं कोल्हापूर जिल्ह्यात, आणि बुडणारी पुष्कळशी गावं बेळगाव जिल्ह्यात. विसर्गाचा आकडा कोल्हापूरहून बेळगावला, तिथून तालुक्याला, तिथून गावाला असा फिरत येईपर्यंत पाणी पाणंदीत असतं. महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण कागल-शिरोळ आणि निपाणी-चिकोडीच्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापुरता एक सामाईक व्हॉट्सॲप ग्रुप करायला कोर्टाची परवानगी लागत नाही.

शेवटी कार्डाचं बोलतो, कारण आपली निम्मी माणसं महाराष्ट्रात इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कामाला आहेत. जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यं रेशन पोर्टेबिलिटीत आहेत. पुरानं पलीकडं अडकलात तर आधार जोडलेलं आपलं कार्ड तिथल्या दुकानात चालतं. केंद्राचं माणशी पाच किलो धान्य तिकडं मिळतं, आपल्या राज्याची वाढीव भर मात्र तिकडं मिळत नाही. तिथल्या दुकानदारानं नाही म्हटलं तर तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. आणि घरात कुणाचं आधार जोडायचं राहिलं असेल, तर ते काम या आठवड्यातच उरका. आता विचारा काय विचारायचं ते.