पिक्चर कसा हाय गा?

[दृश्य: बेळगाव, शुक्रवारची रात्र. संध्याकाळचा खेळ सुटतोय. रात्रीच्या खेळाची माणसं फाटकाशी थांबलेली.]

निवेदन:
आत जाणारा बाहेर येणाऱ्याला गाठतो. ओळख असायलाच पाहिजे असं काही नाही. "कसा हाय गा?" एवढं विचारलं की पुरतं.

तरुणाचा आवाज:
"पहिला हाफ एक नंबर. इंटरव्हलनंतर जरा ओढलाय. पण म्हातारा काय काम केलाय गा! मी तर रडलो."

निवेदन:
म्हातारा म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि पिक्चर 'दशावतार'. 12 सप्टेंबर 2025 ला आलेला, सुबोध खानोलकरांनी दिग्दर्शित केलेला. वयाच्या 81 व्या वर्षी प्रभावळकरांनी त्यात दशावतार या लोकनाट्यात राबलेला एक कोकणी कलावंत उभा केला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी. या भागात आम्ही फिरलो ते नुकताच एखादा पिक्चर बघून आलेल्या माणसांशी बोलायला. चित्रपटांवर लिहिणारे लोक पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. इथल्या प्रेक्षकाला मात्र कोणी फारसं विचारत नाही. आणि विचारायला हवं, कारण मराठी पिक्चर इथे किती दिवस टिकणार हे त्याच्या बोलण्यावर ठरतं.

[दृश्य: पुणे-बेंगळुरू महामार्ग. कोगनोळीचा नाका. ट्रकांची रांग.]

निवेदन:
महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगितलं की मराठी चित्रपटाला दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत खेळ द्यायचा. तो नियम महाराष्ट्राच्या हद्दीत, कागलपर्यंत. हा नाका आला की कर्नाटक. इथे मराठी पिक्चरला पडदा मिळतो तो तिकिटं किती खपतील या हिशेबावर. बऱ्याचदा एखाद-दुसराच खेळ, तोही कामावर जाणाऱ्याला न जमणाऱ्या वेळेला. शनिवार-रविवारची गर्दी बघायची आणि पुढच्या शुक्रवारी ठेवायचा की उतरवायचा ते ठरवायचं. थिएटरवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही वीजबिल भरायचं असतं.

कलाकारांचे दौरे, मुलाखती, मोठाले फलक सगळं तिकडे. इकडे येतं ते तोंडोतोंडी. म्हणून शुक्रवारी रात्री फाटकात कोण काय बोलतो, याला इथे वजन आहे.

[दृश्य: वडगाव. अरुंद गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट. आवाज हळूहळू कमी होतो.]

निवेदन:
वडगावात घराघरात माग आहेत. दुपारचा खेळ बघायचा म्हणजे माग बंद ठेवायचा, आणि माग बंद म्हणजे त्या वेळची मजुरी बुडाली. या अक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन 'दशावतार'ला गेल्या होत्या.

अक्कांचा आवाज:
"शेजारीण सांगितली, चांगला हाय, बघून ये. म्हणून गेलो. आवडला. कोकणी बोललेलं थोडं थोडं सुटलं, पण समजलं सगळं. मागं एकदा असंच एकजण सांगितला म्हणून गेलेलो, त्यात काय नव्हतं बघा. नुसतं मराठी हाय म्हणून जावा म्हणाला. तवापासून त्याचं ऐकत नाही."

निवेदन:
अक्का ज्यावर बोलतायत तो इथल्या सिनेमावेड्यांमधला जुना वाद आहे. आपला पिक्चर आहे, थोडा कमी असला तरी चांगलंच बोलायचं, म्हणजे तो टिकेल, असं काहीजण मनापासून मानतात. त्यांचं प्रेम खरं आहे. सीमाभागात मराठी पाटी दिसली, मराठी आवाज ऐकू आला की जिवाला काय वाटतं हे इथं वाढल्याशिवाय कळणार नाही. पण आम्हाला अक्कांचं पटतं. खोट्या कौतुकाने एक पिक्चर कदाचित आठवडाभर जास्त चालेल, पण पुढच्या वेळी तेच तोंड "जावा" म्हणालं तर माग बंद ठेवून कोण जाणार?

[दृश्य: खानापूर. एसटी स्टँड. मागे सह्याद्रीची रांग, पाऊस उघडलेला.]

निवेदन:
'दशावतार' लागला आणि अवघ्या वीस दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, ऋषभ शेट्टीचा 'कांतारा चॅप्टर 1' आला. एक मराठी, एक कन्नड. दोन्हींत जंगल, दोन्हींत देवाचं सोंग घेणारा माणूस. महाराष्ट्रात बहुतेकांनी 'कांतारा' हिंदीत बघितला असेल. खानापूरच्या पोरांनी दोन्ही पिक्चर मूळ भाषेत बघितले, आणि ते जेव्हा तुलना करायला बसतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं.

आवाज, कणकुंबीकडचा तरुण:
"आधीचा 'कांतारा', 2022 चा, मी तीनदा बघितलो. फॉरेस्टवाले आणि गाववाले, ते भांडण आमच्या दारातलं हाय. रानडुक्कर शेतात आला की काय होतंय ते आम्हाला पिक्चरनं सांगायला नको. नवीन चॅप्टर भव्य हाय, पण मला जुनाच जवळचा वाटला. ह्याच्यात राजे आले, लढाई आली, माणूस मागं पडला."

निवेदन:
तो ज्या भागातून येतो तिथेच भीमगड अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं. म्हादई त्याच डोंगरात उगम पावते. अभयारण्यातल्या गावांनी राहायचं की उठायचं, हा प्रश्न या तालुक्यात अजून घरोघरी बोलला जातो. म्हणून पिक्चरमधला वनाधिकारी खरा वाटतो की नाही, हे ही पोरं एका नजरेत सांगतात. पहिल्या 'कांतारा'तला किशोरने केलेला अधिकारी त्यांना आवडतो. का, तर तो नुसता खलनायक नाही. "त्याची पण नोकरी हाय की," असं एकजण म्हणाला. इतकं समंजस वाक्य आम्ही छापील परीक्षणांत फार वाचलेलं नाही.

नव्या भागाची गोष्ट कदंब राजघराण्याच्या काळातली. इथून जवळच हलशी आहे. जुनं नाव पलाशिका, बनवासीच्या कदंबांचं उत्तरेकडचं ठाणं. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ या पोरांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं. पडद्यावर कदंब म्हटल्याबरोबर थिएटरात खानापूरकडच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या, असं ते अभिमानाने सांगतात.

दुसऱ्या मुलाने मात्र 'दशावतार'ची बाजू घेतली. त्याचं आजोळ सिंधुदुर्गातलं. जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेला. तो सांगत होता ते आम्ही कॅमेरा बंद करायला विसरलो म्हणून पूर्ण मिळालं.

आवाज, दुसरा तरुण:
"दशावतारी माणूस आपला रंग आपणच लावतो. मेकअपवाला नसतो. पेटाऱ्यावर आरसा टेकवायचा आणि बसायचं. दिवसा शेतात चिखल तुडवलेला माणूस, अर्ध्या तासात विष्णू होतो. प्रभावळकर आरशासमोर बसतात ना, त्यांचा हात बघा. सवयीचा हात हाय तो. मला तिथंच पैसे वसूल झाले. पुढं मारामारी वगैरे मला नको होती."

निवेदन:
भाषेचंही ऐका. 'कांतारा'तली कन्नड किनारपट्टीकडची, कुंदापूरची. बेळगावच्या कन्नड मित्रांनाही तिचे काही शब्द लागले नाहीत. 'दशावतार'ची मालवणी खानापूरकरांना सोपी गेली, चिकोडी-निपाणीकडच्यांना जड. शेजारी बसलेल्याला विचारत विचारत पिक्चर बघायची इथे सवयच आहे. त्यालाही कारण आहे. कन्नड चित्रपटसृष्टीने 1960 च्या दशकापासून दुसऱ्या भाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब होऊ दिले नाहीत. 2015 मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने त्या अघोषित बंदीविरुद्ध निकाल दिला, तोवर कर्नाटकात हिंदी पिक्चर हिंदीतच, तेलुगू तेलुगूतच लागत होता. दोन पिढ्यांचे कान त्यात तयार झाले.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. कोल्हापूर.]

निवेदन:
आणि ही सरमिसळ आजची नाही. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये प्रभात कंपनीने कोल्हापुरात केला. दोनच वर्षांनी, 1934 मध्ये, कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' आला. त्याचं चित्रीकरणही कोल्हापुरातच झालं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, राज्यांच्या सीमा 1956 मध्ये पडल्या.

पडद्यावरची आई म्हणून ज्यांना सगळा देश ओळखतो त्या सुलोचनाबाई लाटकर बेळगाव जिल्ह्यातल्याच, खडकलाटच्या. 1928 चा जन्म. 2023 मध्ये त्या गेल्या. निपाणी भागात आजही कुठल्या नटीने आईचं काम केलं की वयस्कर बायका तिला सुलोचनाबाईंच्या मापाने मोजतात, आणि बहुतेक वेळा ती कमीच भरते.

[दृश्य: बेळगाव. गल्लीतल्या मंडळाची खोली. भिंतीला ढाली, कोनाड्यात फेट्यांची कापडं.]

निवेदन:
बेळगावची शिवजयंती वैशाखात. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर अफजलखानाचा वध, आग्र्याची सुटका असे सजीव देखावे. गल्लीतलीच पोरं मावळे, गल्लीतलाच कोणी औरंगजेब. या शहरात ऐतिहासिक पिक्चर बघायला जाणाऱ्यांत अशी भूमिका स्वतः केलेले कितीतरी असतात. 14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' आला, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, तेव्हापासून या खोलीत त्याच्यावर बोलणं चालू आहे. अजून संपलेलं नाही.

आवाज, मंडळाचे एक ज्येष्ठ:
"विकी कौशलनं जीव ओतलाय, त्यात वाद नाही. मी बघतो ते मनगट. खऱ्या तलवारीला वजन असतंय. धरली की मनगट जरा खाली जातंय, मग खांद्यानं उचलायची. बऱ्याच पिक्चरात काडी फिरवल्यासारखी फिरवतात. ह्यात काही ठिकाणी वजन दिसलं, काही ठिकाणी नाही. गाणी मला लागली नाहीत. रहमान मोठा माणूस, पण हलगी कुठाय? संबळ कुठाय?"

निवेदन:
त्यांच्यासमोर बसलेल्या पुतण्याला हे पटलं नाही. त्याच्या मते आज देशभरच्या माणसाला थिएटरात आणायचं तर संगीत असंच लागणार. काका म्हणाले, देशभरच्या माणसाला हलगी ऐकवली असती तर बिघडलं असतं काय? मग विषय लेझीमच्या नाचावर गेला, जो ट्रेलर आल्यावर आक्षेप झाला म्हणून चित्रपटातून काढला गेला. अर्धी खोली म्हणाली बरं केलं, अर्धी म्हणाली लेझीम तर आपलीच. तासभर हे चाललं. कोणी उठून गेलं नाही, कोणाचा आवाज चढला तरी चहा सगळ्यांना मिळाला.

[दृश्य: निपाणी. संध्याकाळ. कॉलेजच्या चार-पाच मुली बाकावर. एकीच्या मोबाइलवर खेळांच्या वेळा.]

निवेदन:
निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे निपाणीकर पिक्चरला कोल्हापूरकडे वळतात. एक मराठी पिक्चर बेळगावातून उतरला आहे, कोल्हापुरात एकच खेळ राहिला आहे, सकाळचा. यातल्या एकीने तो बघितलाय, बाकीच्यांचं ठरत नाहीये.

मुलींचे आवाज:
"खरं सांग गे, जायचं काय?"
"कथा साधी हाय. कॅमेरा मस्त. हिरोईन चांगली, हिरो बेताचा."
"म्हणजे जायचं का नाही?"
"शेवट मला आवडला नाही. तुला आवडेल बहुतेक."
"मग गुरुवारच्या आत जाऊया. सातची बस हाय. तू परत येणार?"
"येते की. शेवटावर भांडायला कोणतरी पाहिजे."