शेवटचा भाग, पहिली रात्र आणि पत्रांचा ढीग

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सीझनच्या शेवटच्या भागाबद्दल, आणि तेसुद्धा ॲनिमेशनमधल्या साय-फाय मालिकांच्या. म्हणजे रोबो, अंतराळयानं, जग बुडायला आलंय, आपला लाडका हिरो वाचतो की जातो तेच कळत नाही, आणि खटकन स्क्रीन काळी. त्यानंतरचे दोन-तीन तास चाहते काय काय करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळलं असेल. कोणी रडतंय, कोणी बोटं मोडतंय, कोणी एकेक फ्रेम थांबवून मागच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचतंय, कोणी दिग्दर्शकाचा पहिल्या सीझनपासूनचा हिशोब काढतंय, आणि एक जण असतोच जो म्हणतो मला तर पहिल्याच भागात कळलं होतं.

मला आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी मधेमधे परत सांगेन, कारण रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही. पहिल्या रात्रीची प्रतिक्रिया खरी असते, पण ती शेवटची नसते. खरी असते, म्हणून तिला हसू नका. शेवटची नसते, म्हणून तिच्यावरून निकाल देऊ नका.

आता हे याच मालिकांच्या बाबतीत इतकं टोकाचं का होतं, तर थोडक्यात सांगते. एक म्हणजे यात कोडी असतात, पहिल्या भागात पेरलेलं बी शेवटच्या भागात उगवायला हवं अशी अपेक्षा असते, आणि लोक वह्या भरून अंदाज लिहून ठेवतात. दुसरं म्हणजे चित्रातला माणूस म्हातारा होत नाही, दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत साबण विकताना दिसत नाही, तो फक्त त्या गोष्टीतच असतो, आणि तिथे तो गेला की गेलाच.

गेला की काय होतं याचं एक उदाहरण. १९८६ साली ट्रान्सफॉर्मर्स या रोबोंच्या कार्टूनचा सिनेमा आला अमेरिकेत आणि त्यात ऑप्टिमस प्राइम, म्हणजे चांगल्या रोबोंचा लाडका म्होरक्या, मेला. खेळणी बनवणाऱ्यांच्या दृष्टीनं हिशोब सरळ होता, जुनी पात्रं काढा, नवी आणा, नवी खेळणी विका. पण थिएटरमधली पोरं हमसून हमसून रडली, आईबाप वैतागले, तक्रारींची पत्रं गेली, आणि १९८७ च्या सुरुवातीला टीव्हीवरच्या तिसऱ्या सीझनच्या शेवटी प्राइमला परत जिवंत करावं लागलं.

दुसरं उदाहरण जपानचं. १९७९ मध्ये 'मोबाइल सूट गंडम' ही रोबोंच्या युद्धाची मालिका सुरू झाली, ५२ भागांची ठरली होती, प्रेक्षक कमी म्हणून ४३ भागांतच गुंडाळली, जानेवारी १९८० मध्ये संपली. पण चाहत्यांनी सोडली नाही, पुनःप्रक्षेपणं झाली, प्लास्टिकची मॉडेलं हातोहात खपली, सिनेमा आला, आणि त्या सिनेमाच्या आधी २२ फेब्रुवारी १९८१ ला टोकियोतल्या शिंजुकूमध्ये हजारो पोरंपोरी जमली, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो समोर उभे, आणि ॲनिमेशनचं नवं युग सुरू झालं असं तिथे जाहीर केलं गेलं. ज्या मालिकेला प्रेक्षक नाहीत म्हणून बंद केलं तिचे हे प्रेक्षक.

पण मंडळी, माझी आवडती गोष्ट ही नाही. ती आता सांगते. आधीच सांगून ठेवते, मी शेवट फोडणार आहे, तेव्हा ज्यांना 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' कोरी बघायचीय त्यांनी सरळ पाच-सात मिनिटं रेडिओचा आवाज बंद करा, मला अजिबात राग येणार नाही.

तर ४ ऑक्टोबर १९९५, बुधवार. टीव्ही टोकियोवर ही मालिका सुरू झाली. स्टुडिओचं नाव गायनॅक्स, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. गोष्ट वरवर बघता नेहमीचीच, सन २०१५, टोकियो-३ नावाचं शहर, त्याच्यावर अवाढव्य जीव चाल करून येतात, त्यांना एंजल म्हणतात, त्यांच्याशी लढायला तेवढेच अवाढव्य इव्हा नावाचे रोबो, आणि ते चालवायला चौदा वर्षांची मुलं. त्यातला एक शिंजी. बापानं लहानपणी दुसऱ्याकडे सोडून दिलेला, आणि इतक्या वर्षांनी बापाचं बोलावणं येतं ते कशाला, तर ये आणि यात बसून लढ. जेवलास का, कसा आहेस, काही नाही. लढ. पोराला लढायचंच नसतं, पण आपण नाही म्हटलं तर आपल्याला कोणी जवळ करणार नाही या भीतीनं ते बसतं.

पोरं बघायला लागली रोबोंच्या मारामारीसाठी आणि अडकली या शिंजीत. त्यात रहस्यं केवढी, बाप काय लपवतोय, एंजल येतात कुठून, ती गुप्त मंडळी कोण. दर आठवड्याला नवे अंदाज.

मग चोविसावा भाग. शिंजीला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी, कावोरू नावाचा मुलगा, तू मला आवडतोस असं सरळ सांगतो, आणि तोच एंजल निघतो. शेवटी तो शिंजीच्या इव्हाच्या मुठीत आहे, आणि चित्र थांबतं. जवळजवळ मिनिटभर थांबतं. काही हलत नाही, कोणी बोलत नाही, मागे बीथोव्हनची नववी सिंफनी चालू, आणि तुम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बसलेले, की हा आता मूठ आवळणार का. आणि तो आवळतो. टीव्हीवर एक मिनिट काहीच न हलणं म्हणजे काय असतं हे विचारा, आपल्याला तर जाहिरातसुद्धा पाच सेकंदांत स्किप करायची सवय लागलीय.

आता उरले दोन भाग. सगळ्यांचा जीव टांगणीला, आता महायुद्ध होणार, आता सगळी उत्तरं मिळणार.

आणि काय दिसलं? अंधार, एक खुर्ची, वरून दिव्याचा झोत, खुर्चीत शिंजी मान घालून बसलेला. समोर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, प्रश्न, तू इव्हा का चालवतोस? आणि तो उत्तर देतोय, आणि परत प्रश्न, आणि परत. जुन्या भागांतली चित्रं पुन्हा. मध्ये पेन्सिलची कच्ची रेखाटनं, रंगसुद्धा न भरलेली. मध्येच एक भलतंच जग येतं जिथे शिंजी साधा शाळकरी मुलगा आहे, आईबाप घरात आहेत, शाळेला उशीर होतोय. आणि सगळ्यात शेवटी शिंजी उभा, त्याच्याभोवती मालिकेतली पात्रं गोल करून उभी, मेलेली आणि जिवंत, आणि एकेक जण टाळ्या वाजवत म्हणतंय, अभिनंदन. अभिनंदन. अभिनंदन. शिंजी हसतो, धन्यवाद म्हणतो. संपली मालिका. २७ मार्च १९९६.

एंजलचं काय, बापाच्या कारस्थानाचं काय, जग वाचलं की बुडालं, काहीच नाही.

तुम्हीच सांगा मंडळी, सहा महिने जीव लावून बघितलेल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही का? गेलीच. आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणाले, फसवलं म्हणाले, मासिकांमधून आणि तेव्हाच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर नुसता काथ्याकूट. शेड्यूल कोलमडलं होतं, वेळ उरला नव्हता, हेही खरंच होतं, पण रागावलेल्याला कारण दिलं की तो अजून रागावतो. स्टुडिओकडे पत्रं आली. कौतुकाची आली, शिव्याशापांची आली, काही तर धमकीच्या भाषेतली. धमकीबद्दल मी इथेच बोलून घेते, गोष्ट कितीही जिव्हारी लागली तरी माणसाच्या जिवावर उठणं हे प्रेम नाही, आणि 'फॅन आहे म्हणून' हे कारण तिथे चालणार नाही.

पण पुढे ऐका. १९ जुलै १९९७ ला सिनेमा आला, त्या शेवटच्या दोन भागांच्या जागी नवे दोन भाग, म्हणजे शिंजी खुर्चीत बसून स्वतःशी झगडत होता तेव्हा बाहेर जगाचं काय चाललं होतं ते. भयंकर आहे तो सिनेमा, लहान पोरांना दाखवायचा नाही. आणि त्याच्या ऐन कळसाला आन्नोनं काय करावं? चित्रं बंद, खरं शूटिंग सुरू. पडद्यावर थिएटर, खुर्च्यांमध्ये बसलेली माणसं, म्हणजे बघणारेच पडद्यावर. आणि मग भराभर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, एकामागून एक चाहत्यांची पत्रं, मेल, कौतुक, संताप, सगळं. हातानं लिहिलेल्या ओळी झपझप जातात, वाचताही येत नाहीत.

म्हणजे बघा, चाहत्यांची प्रतिक्रिया उचलून त्यानं गोष्टीच्या आत ठेवली. जगाचा अंत चाललाय आणि त्यात तुमचं पत्र आहे.

काही लोक म्हणतात हा त्याचा सूड होता. मला अजिबात तसं वाटत नाही. आपल्याला ज्याची पर्वा नसते ते आपण फेकून देतो, फ्रेमच्या मापात बसवत बसत नाही. मालिका सुरू व्हायच्या आधीच आन्नोनं लिहून ठेवलं होतं की मागची चार वर्षं आपण मोडलेल्या अवस्थेत काढली, काहीच करू शकलो नाही. हे माहीत असलं की ती खुर्ची, तो दिवा, मी इथे असणं चालेल का हा शिंजीचा प्रश्न, सगळं वेगळंच दिसायला लागतं, आणि त्या टाळ्या तर फारच वेगळ्या ऐकू येतात. आणि तो नमला पण नाही हं, तो १९९७ चा शेवटसुद्धा गोडगोड नाही, त्याच्यावर अजून वाद चालू आहेत.

परत सांगते, पहिल्या रात्रीची प्रतिक्रिया खरी असते, पण शेवटची नसते. कारण ज्या टाळ्यांवरून एवढी राळ उठली त्या टाळ्यांचं चित्र आज जगभरचे लोक एकमेकांना पाठवतात, परीक्षा पास झालं की, वाढदिवस असला की, गोल करून उभी ती सगळी पात्रं आणि अभिनंदन. मालिका न बघितलेलेही पाठवतात.

माझ्या भाचीनं ती मालिका मागच्या सुट्टीत बघून काढली आणि रात्री दीड वाजता मला व्हॉइस मेसेज, आत्या हे काय आहे, संपली खरंच? सगळे टाळ्या का वाजवतायत? आवाज रडवेला आणि भडकलेला, दोन्ही. मी तिला काहीही समजावलं नाही, एवढंच म्हटलं की झोप, आणि आठवड्यानं फक्त शेवटचा भाग परत बघ. तिनं बघितला, आणि मग फोन केला तेव्हा ती एंजलबद्दल एक शब्द बोलली नाही, शिंजीच्या बाबांबद्दल बोलत होती, खूप वेळ.

आणि तिला मी अजून एक सांगितलं जे तुम्हालाही सांगते, शेवटचं गाणं स्किप करू नका. हा विषय आजचा नाही पण मला बोलू द्या. ते 'पुढचा भाग ५ सेकंदांत' असं जे कोपऱ्यात येतं ना, त्यानं मालिका बघण्याची फार नासाडी केलीय. भाग संपला की ते दीड मिनिट गाणं हे श्वास घ्यायलाच ठेवलेलं असतं. इव्हँजेलियनच्या शेवटी 'फ्लाय मी टू द मून' वेगवेगळ्या आवाजांत येत असे, आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर जपानबाहेर मालिका आली तेव्हा ते गाणं तिथे नव्हतं, तर चाहते केवढे हळहळले. का, तर त्या गाण्याशिवाय तो भाग संपल्यासारखाच वाटत नाही. तसंच दीडपट वेगानं बघणं. अहो तो एक मिनिट थांबलेला शॉट तुम्ही दीडपट वेगानं बघणार? मग बघितलं काय?

असो. तर गोष्टीचं पुढे असं झालं की २००७ पासून आन्नोनं हीच कथा चार सिनेमांत पुन्हा सांगायला घेतली. तिसरा २०१२ ला आला आणि त्यानंतर तो स्वतः पुन्हा नैराश्यात गेला, हे त्यानंच नंतर जाहीर केलं. चौथा कोरोनामुळे पुढे पुढे ढकलत शेवटी ८ मार्च २०२१ ला लागला, सोमवारी, आणि त्यानं जपानमध्ये १,००० कोटी येनच्या वर कमाई केली. १९९६ मध्ये ज्यांनी दात-ओठ खाल्ले असतील ते तोवर चाळिशीला आलेले. आणि तरी गेले बघायला. जो भांडतो तो येतोच हो, भीती वाटायची तर जो शेवट बघून नुसतं 'बरा होता' म्हणतो आणि दुसरं काहीतरी लावतो त्याची वाटावी.

म्हणून सध्या जी मालिका तुम्ही बघताय, तिचा शेवट होईल तेव्हा रागवा, रडा, मित्राला फोन करून तासभर बोला, सगळं करा. फक्त त्या रात्रीचं ते रेटिंग, दहापैकी एक किंवा दहापैकी दहा, ते आठ दिवस थांबवा आणि एकदा परत बघा. आणि ज्यांनी अजून बघितली नाही त्यांच्यासाठी दोन दिवस तोंड बंद ठेवा, फोटोसुद्धा टाकू नका, फोटोतही कळतं सगळं.

आणि मला पत्र लिहा. कुठल्या शेवटानं तुमची झोप उडवली, तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतं, दोन्ही लिहा. मेल चालेल, पण हातानं लिहिलेलं आलं तर मी ते आधी वाचेन, कारण रागात लिहिलेलं अक्षर कसं वाकडं होत जातं ते बघायला मला फार आवडतं. लिहिताना पाकिटावर मालिकेचं नाव टाका, म्हणजे जी मी बघितली नाही तिचं पत्र मी बाजूला ठेवेन, मालिका बघेन आणि मगच उघडेन. नमस्कार.